गिवान: साठ बारांगायांचं गाव आणि त्याच्या ताब्यातला समुद्र

सुकाणू

मंडळी, सतरा वर्षं जहाजावर आहे. या सतरा वर्षांत मी ज्यांच्या शेजारी बसून सगळ्यात जास्त वेळा जेवलो ती माणसं फिलिपिनो आहेत. दर्यावर्दी मराठी माणसांना हे वेगळं सांगायला नको. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, फिलिपिन्समधल्या समार बेटाच्या अगदी आग्नेय टोकावरच्या गिवानचा. दोन कॉन्ट्रॅक्टं आम्ही एकत्र केली. गेल्या एप्रिलमध्ये मनिलात साइन ऑफ झालो आणि घरी येण्याआधी सहा दिवस त्याच्याकडे राहिलो. मी देवगड तालुक्यातला, मच्छीमार घरातला. त्यामुळे तिथलं गाव कसं चालतं, बंदरावर कुणाचा हुकूम चालतो, हे बघायची मला आतून ओढ होती. जे पाहिलं आणि त्यानंतर जे वाचलं ते इथे मांडतो.

आधी जागा. मनिला ते ताक्लोबान विमानानं सव्वा तास. ताक्लोबान लेइते बेटावर आहे. तिथून सान हुआनिको पूल ओलांडला की समार. पूल १९७३ चा, लांबी २.१६ किमी. पुढे व्हॅननं समारचा दक्षिण किनारा धरून दीडशेएक किलोमीटर जायचं. वाटेत बालांगिगा लागतं. १९०१ साली अमेरिकन सैन्यानं तिथल्या चर्चच्या घंटा उचलून नेल्या होत्या, त्या २०१८ च्या डिसेंबरात परत आल्या. व्हॅनचा ड्रायव्हर तिथे पोचल्यावर न विचारता वेग कमी करतो.

गिवान म्हणजे समारचं निमुळतं टोक आणि त्या टोकापुढे विखुरलेली बेटं. पश्चिमेला लेइतेचं आखात, उथळ आणि निवांत. पूर्वेला सरळ प्रशांत महासागर. कालिकोआन बेटाला गिवानहून गाडीनं जाता येतं. तिथे एका बाजूला लहान मुलं गुडघाभर पाण्यात शिंपले वेचत असतात आणि पाच मिनिटं चालून पलीकडे गेलात तर लाटांचा आवाज बोलणं ऐकू देत नाही. आणखी पूर्वेला फिलिपाईन खंदक, दहा किलोमीटरहून खोल. तुबाबाओ, मानिकानी, होमोनहोन आणि सगळ्यांत बाहेरचं सुलुआन ही बेटं गिवानच्याच हद्दीत येतात. होमोनहोनला आठ बारांगाय आहेत, सुलुआन हे एकटंच बारांगाय.

बारांगाय म्हणजे तिथलं सर्वात खालचं शासन. हा शब्द 'बालांगाय' या होडीवरून आला असं मानतात. एका होडीतून आलेलं कुळ जिथे उतरलं ते गाव. दर्याकाठच्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल ते तुम्ही समजू शकता.

गिवानची जमीन सुमारे १७५ चौरस किलोमीटर, २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ५३,३६१, बारांगाय ६०. म्हणजे सरासरी नऊशेहून कमी माणसांमागे एक बारांगाय. प्रत्येक बारांगायात एक प्रमुख (कागदोपत्री 'पुनोंग बारांगाय', हाक मारताना नुसतं 'कॅप') आणि सात सदस्य, ज्यांना कागावाद म्हणतात. शिवाय तरुणांची वेगळी निवडून आलेली परिषद: एक अध्यक्ष, सात सदस्य. वर म्युनिसिपालिटीचा मेयर, उपमेयर आणि आठ नगरसेवक. बोसनच्या अंगणात बसून मी हिशोब केला: साठ गुणिले सोळा अधिक दहा, म्हणजे ९७० निवडून आलेली माणसं. दर ५५ माणसांमागे एक! त्याची बहीण हसून म्हणाली, म्हणूनच इथे कुणाच्याही लग्नाला गेलं तरी एक कागावाद भेटतोच.

पण मला ज्या गोष्टीनं हलवलं ती पुढे आहे. किनाऱ्यापासून १५ किलोमीटरपर्यंतचा समुद्र कायद्यानं म्युनिसिपालिटीच्या अखत्यारीत येतो. १९९१ चा स्थानिक स्वराज्य कायदा आणि १९९८ चा मत्स्यव्यवसाय कायदा, दोन्हीत हे स्पष्ट लिहिलंय. तीन टनांपेक्षा मोठ्या बोटींना तिथे साधारणपणे मासेमारी करता येत नाही. कुणाला परवाना द्यायचा, कुठलं जाळं चालणार नाही, कुठला प्रवाळाचा पट्टा बंद ठेवायचा, दंड किती, हे ठराव गावची परिषद करते. एका मजली पंचायत कार्यालयासारख्या दिसणाऱ्या इमारतीत बसून माणसं समुद्राचा कायदा करतात.

आपल्याकडे माझ्या गावच्या ग्रामपंचायतीला जेट्टीवरच्या दिव्याचा बल्ब बदलता येतो. जेट्टीपुढच्या पाण्याबद्दल तिला काही म्हणता येत नाही.

---

नकाशावेडा

फार सुंदर धागा. होमोनहोनचं नाव वाचून उठून बसलो. मॅगेलन फिलिपिन्समध्ये पहिल्यांदा उतरला ते हेच बेट. १६ मार्च १५२१ ला समार दिसलं, १७ ला होमोनहोनवर उतरले. बरोबरच्या पिगाफेत्तानं ते 'हुमुनू' असं लिहून ठेवलंय. १८ तारखेला सुलुआनची माणसं होडीतून आली. मासे, केळी, नारळ आणि माडी घेऊन. म्हणजे युरोप आणि फिलिपिन्सची पहिली गाठ पडली ती आजच्या हिशोबानं एका छोट्या म्युनिसिपालिटीच्या हद्दीत. प्रदक्षिणेत भुकेनं आणि स्कर्व्हीनं खंगलेल्या खलाशांना सुलुआनच्या लोकांनी आधार दिला, हे पाठ्यपुस्तकात कुणी लिहीत नाही.

आणि तुबाबाओ! १९४९ ते ५१ या काळात शांघायमधून निघालेल्या पाच हजारांहून जास्त रशियन निर्वासितांना याच बेटावर तंबूत आसरा मिळाला. चीनमध्ये सत्ता पालटत होती आणि त्यांना घ्यायला कुणी तयार नव्हतं. राष्ट्राध्यक्ष किरिनो यांनी दार उघडलं. देश स्वतः युद्धातून नुकता उठलेला. नंतर बरेचसे ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत गेले.

एक प्रश्न: २०१३ च्या हैयान चक्रीवादळाच्या आधीचा आणि नंतरचा लोकसंख्येचा आकडा कुणाकडे आहे का?

---

सुकाणू

@नकाशावेडा, आहे. २०१० ला ४७,०३७. २०१५ ला ५२,९९१. मग २०२० ला ५३,३६१. मलाही आधी कळेना. चक्रीवादळानं भुईसपाट केलेलं गाव त्याच पाच वर्षांत सहा हजारांनी वाढलं आणि पुढच्या पाच वर्षांत चारशेनंसुद्धा नाही. बोसनला विचारलं. तो म्हणाला, घर पडलं की माणसं घराकडे धावतात. घर उभं राहिलं की पुन्हा बाहेर पडतात. त्याचं हे म्हणणं आहे, संशोधन नाही. पण त्याच्या गल्लीत मी पाहिलं: बारा घरांपैकी सातांत एक तरी माणूस जहाजावर, सौदीत किंवा मनिलात.

वादळाबद्दल लिहितोच. आंतरराष्ट्रीय नाव हैयान, तिकडे 'योलांदा'. ८ नोव्हेंबर २०१३, पहाटे ४ वाजून ४० मिनिटांनी योलांदानं पहिल्यांदा जमीन गाठली ती गिवानमध्ये. जपानच्या हवामान खात्याच्या मोजणीनं दहा मिनिटांचा सरासरी वारा ताशी २३० किमी. अमेरिकन मोजणी एका मिनिटाची, ती ३१५. वादळांवर नजर ठेवायला जपानच्या मदतीनं गिवानलाच नवं रडार उभारलं होतं. ते रडारच वाऱ्यानं मोडलं. पुढे ते पुन्हा बांधलं.

बोसन त्या वेळी ब्राझीलच्या किनाऱ्याला होता. सहा दिवस त्याला घरची काही खबर नव्हती. वॉच (पहाऱ्याची पाळी) संपला की तो गॅलीच्या, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघराच्या, बाहेर उभा राहायचा, म्हणाला, कारण तिथे कॅप्टनचा उपग्रह फोन वाजला तर ऐकू यायचा. त्याची आई आणि बहीण शेजाऱ्यांच्या सिमेंटच्या न्हाणीघरात अकरा जणांत दाटीवाटीनं उभ्या होत्या. बहिणीनं ती जागा मला दाखवली. पाच बाय सहा फूट. भिंतीवर अजून जुनी निळी टाईल आहे आणि खाली एका कोपऱ्यात ती फुटलीय, तिथे कुणाचं तरी कोपर सारखं आपटत होतं.

सगळ्या फिलिपिन्समध्ये सहा हजारांहून जास्त माणसं गेली, बहुतेक ताक्लोबान आणि आसपास. गिवानमध्ये वाऱ्याचा पहिला तडाखा बसूनही मृतांचा आकडा शंभराच्या आसपास राहिला. ताक्लोबानमध्ये लोकांना इशारा दिला होता, पण तो 'स्टॉर्म सर्ज' (वादळानं किनाऱ्यावर चढणारं समुद्राचं पाणी) या इंग्रजी शब्दात. कित्येकांना त्याचा अर्थच लागला नाही. नंतर लोक म्हणाले, त्सुनामी म्हटलं असतं तर पळालो असतो.

---

अनघा_मस्कत

सुकाणू, न्हाणीघराचं वाचून थांबले थोडा वेळ. लिहीत राहा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

तलाठीभाऊ

महसूल खात्यात २२ वर्षं काढली, त्यामुळे मला पैशाची बाजू विचारायची आहे. एवढ्या लोकप्रतिनिधींचा आणि एवढ्या अधिकारांचा खर्च कोण भागवतं? ५३ हजारांचं गाव स्वतःच्या घरपट्टीवर समुद्र सांभाळू शकणार नाही.

---

वेंगुर्लेकर

तलाठीभाऊ, याचं उत्तर मी देतो, कारण मनिलात चार वर्षं एका बँकेत होतो आणि म्युनिसिपालिट्यांच्या कर्जाची कामं बघायचो.

केंद्र सरकारच्या करातला ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना जातो. त्या ४० टक्क्यांची पुन्हा वाटणी: प्रांतांना २३, शहरांना २३, म्युनिसिपालिट्यांना ३४ आणि बारांगायांना २० टक्के. म्युनिसिपालिट्यांमध्ये निम्मा वाटा लोकसंख्येवर, पाव जमिनीच्या क्षेत्रफळावर, पाव सर्वांना सारखा. पूर्वी हा वाटा फक्त अंतर्गत महसुलावर काढायचे. मांदानास नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं की सीमाशुल्क वगैरे सगळे राष्ट्रीय कर धरा. ते २०२२ पासून लागू झालं.

आता यातली खोच बघा. सूत्रात जमीन मोजतात, पाणी मोजत नाहीत. गिवानसारख्या गावाच्या हद्दीत जमिनीपेक्षा कितीतरी जास्त समुद्र आहे. तो राखायचा तर गस्तीची बोट, डिझेल, माणसं लागतात. त्यासाठी क्षेत्रफळाच्या वाट्यात एक पेसो जास्त येत नाही. किनाऱ्यावरच्या किती तरी मेयरांकडून मी ही तक्रार ऐकली आहे, आणि ती रास्त आहे.

घरपट्टी म्हणाल तर म्युनिसिपालिटीत गोळा झालेल्या मूळ घरपट्टीतून प्रांताला ३५, म्युनिसिपालिटीला ४० आणि जिथली मालमत्ता त्या बारांगायाला २५ टक्के. बारांगायाला स्वतःच्या नावावर काहीतरी येतं, ही चांगली सोय आहे. वाढीव एक भलीमोठी अट: उत्पन्नाच्या किमान ५ टक्के आपत्ती निधी ठेवायचाच. २०१० चा कायदा आहे. त्यातला ३० टक्के तातडीच्या मदतीसाठी राखीव, उरलेला आधीच्या तयारीवर खर्च करायचा.

पण भावनेच्या भरात एक गोष्ट विसरू नका. अधिकार कागदावर आहेत आणि बऱ्याच म्युनिसिपालिट्यांत ते दोन-तीन घराण्यांत फिरतात. मेयरला सलग तीनच मुदती मिळतात, तीन-तीन वर्षांच्या. चौथ्या वेळी बायको किंवा मुलगा उभा राहतो. बारांगायाच्या निवडणुका तर सारख्या पुढे ढकलल्या जातात. मे २०१८ नंतर थेट ऑक्टोबर २०२३ ला झाल्या.

---

तलाठीभाऊ

धन्यवाद वेंगुर्लेकर, अगदी मुद्द्याचं. निवडणुका ढकलण्याबद्दल आपण बोलू शकत नाही, आपल्या महापालिका आणि जिल्हा परिषदांवर २०२२ पासून वर्षानुवर्षं प्रशासक बसले होते.

आमच्याकडे वित्त आयोगाचे पैसे थेट ग्रामपंचायतीत येतात, पण बंधित निधी म्हणून पाणी आणि स्वच्छतेवरच मोठा भाग खर्च करावा लागतो. आपत्तीसाठी गावाच्या स्वतःच्या हातात ठरलेली टक्केवारी असणं ही मला मोठी गोष्ट वाटते. निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा, जून २०२०, मी श्रीवर्धन भागात पंचनाम्यांना होतो. सरपंच बाई स्वतःच्या खिशातून ताडपत्र्या आणत होत्या. त्यांच्याकडे मनाची तयारी होती, पैशाचं खातं नव्हतं.

---

मांडवीकाठ

मी गोव्याची. खाण्याबद्दल विचारल्याशिवाय राहवत नाही. माडी प्यायली का? तिकडची लाल असते म्हणतात.

---

सुकाणू

@मांडवीकाठ, लाल असतेच. तिला 'तुबा' म्हणतात. खारफुटीच्या झाडाची साल, 'बारोक', कुटून तिच्यात घालतात, त्यानं रंग येतो आणि आंबणं आटोक्यात राहतं. रंग पार वीटकरी. जास्त दिवस मुरवली की ती 'बाहालिना'. आणि तुम्हाला आवडेल असं एक: तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि तुबा घालून आंबवलेलं 'सालुकारा' नावाचं धिरडं असतं. मातीच्या गरम खापरीत डुकराची चरबी लावून भाजतात. सुर (माडी) घालून आंबवलेल्या तुमच्या सान्नांची आठवण झाली. बोसनच्या आईला मी सांगितलं की आमच्याकडेही हेच करतात, तर तिनं माझ्या ताटात आणखी दोन टाकले.

होडीही आपलीच. त्यांची बांगका दोन्ही बाजूंना बांबूच्या 'कातिग'नं तोललेली असते. आपल्या जुन्या होडीला एकीकडे उलांडी असते, त्यांच्या होडीला दोन्हीकडे. मी हातानं दाखवून 'उलांडी' म्हटलं आणि तिथल्या एका म्हाताऱ्यानं तो शब्द तीनदा म्हणून पाहिला.

---

खाडीपलीकडे

मूळ मुद्द्यावर येऊ का? १५ किलोमीटरचं पाणी. मी रत्नागिरीची, नवरा पारंपरिक मच्छीमार सोसायटीत आहे. आपल्याकडे १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार. मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना अधिकारी तालुक्याला किंवा जिल्ह्याला. रात्री मासे ओढायला एलईडी दिवे लावून किंवा पर्ससीन (घेराचं मोठं जाळं) टाकून कुणी आमच्या पुढ्यातलं पाणी खरवडून नेत असेल तर आम्ही फोन करायचा, तिथून गस्ती नौका निघायची, तोवर बोट गायब. याचा राग गावाच्या अंगात मुरलाय. म्हणून विचारते: गिवानला खरंच थांबवता येतं का?

---

सुकाणू

@खाडीपलीकडे, मी हाच प्रश्न बोसनच्या बहिणीला विचारला. ती बारांगायाची सेक्रेटरी आहे. सगळे तिला 'माना' म्हणतात, वाराय या तिथल्या भाषेत थोरली बहीण. मीही तेच म्हणायला लागलो.

माना म्हणाली, कधी थांबवतो, कधी नाही. गावोगाव 'बांताय दागात' नावाची पथकं असतात, म्हणजे समुद्राचे राखणदार. त्यांतले बरेचसे मच्छीमारच, थोड्याशा मानधनावर. फायदा हा की त्यांना कुठली बोट कुणाची आहे ते अंधारात इंजिनाच्या आवाजावरून कळतं. तोटा हा की ज्याला पकडायचं तो कधी कधी मेव्हणा असतो. आणि बाहेरून आलेली मोठी बोट असेल तर बांगकातून तिच्यापुढे जाणं जिवावरचं काम.

एक सकाळ सांगतो. बारांगाय हॉलमध्ये दोन कुटुंबं आली होती. एकाच्या बोटीच्या पंख्यात दुसऱ्याचं जाळं सापडून फाटलं होतं. मानानं 'ब्लॉटर' उघडला. ही जाडजूड नोंदवही, कडा खाऱ्या हवेनं फुगलेल्या. तक्रार लिहून घेतली. कॅप आले, प्लास्टिकच्या खुर्च्या गोलात मांडल्या. तिथे वकील आणता येत नाही, कायद्यानंच मनाई आहे. कॅपना तडजोडीसाठी पंधरा दिवस असतात, नाही जमलं तर गावच्या लुपोन मंडळातून तीन जण निवडून त्यांच्यापुढे. एकाच गावातल्या माणसांचे लहानसहान तंटे या पायरीवरून गेल्याशिवाय कोर्ट दाखलच करून घेत नाही. तडजोड झाली आणि दहा दिवसांत कुणी हरकत घेतली नाही की तिला कोर्टाच्या निकालाचं बळ.

त्या दिवशी चाळीस मिनिटं लागली. पंख्यावाल्यानं जाळ्याचा दोरा आणून द्यायचा आणि ज्याचं फाटलं त्यानं स्वतः विणायचं, असं ठरलं. बाईनं, म्हणजे फाटलेल्या जाळ्याच्या मालकिणीनं, कागद दोनदा वाचायला लावला आणि 'कुठल्या नंबरचा दोरा' हे त्यात घालून घेतलं. मगच सही केली.

---

तलाठीभाऊ

आपली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ ला सुरू झाली तेव्हा हेच चित्र डोळ्यांपुढे होतं. पहिली काही वर्षं गावांनी जीव ओतला. पण ती मोहीम होती, बक्षिसाची होती. लुपोनची पायरी कायद्यातच बसवलेली दिसते, म्हणून टिकली असावी. दोऱ्याचा नंबर घालून घेणाऱ्या बाईंना माझा नमस्कार कळवा.

---

वेंगुर्लेकर

समुद्राच्या हक्कावर एक काळजीची बातमी सांगायला हवी. एका मोठ्या मासेमारी कंपनीनं हा १५ किलोमीटरचा राखीव पट्टाच न्यायालयात आव्हान देऊन पाडायचा प्रयत्न केला. मालाबोनच्या न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. सरकारी मत्स्य खात्याचं अपील मुदतीनंतर आलं म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या एका विभागानं २०२४ मध्ये तो उलटवला नाही. हे बाहेर आल्यावर देशभरचे छोटे मच्छीमार, शास्त्रज्ञ, बिशप, मेयर सगळे उठले, फेरविचाराचे अर्ज गेले. ज्या हक्कावर आपण सगळे इथे भाळलोय तो एका अपिलाच्या तारखेवर टांगणीला लागू शकतो, हे मला फार लागलं.

---

नकाशावेडा

आणि मग होमोनहोनच्या खाणी? बेटावर क्रोमाइट आणि निकेल आहे, मानिकानीलाही निकेल. उपग्रहाच्या चित्रात बेटाच्या अंगावर तांबडे ओरखडे स्पष्ट दिसतात. खाणीचा परवाना कोण देतं, गाव की मनिला?

---

सुकाणू

मनिला. १९९५ चा खाण कायदा राष्ट्रीय आहे. स्थानिक स्वराज्य कायद्यात असं आहे की अशा प्रकल्पाआधी लोकांशी सल्लामसलत करायची आणि तिथल्या परिषदेची मंजुरी घ्यायची. सरकारला मिळणाऱ्या खाणकराच्या ४० टक्के स्थानिक भागाला परत येतात: प्रांताला २०, म्युनिसिपालिटीला ४५, बारांगायाला ३५ टक्के, या प्रमाणात. त्यामुळे एकाच गावात दोन तट पडतात. बोसनचा चुलतभाऊ खाणीवर ट्रक चालवतो, त्याच घरातला दुसरा मच्छीमार आहे. जोराचा पाऊस झाला की तांबडं पाणी खाली प्रवाळावर येतं असं तो सांगतो. जेवताना दोघं त्या विषयावर बोलत नाहीत, मी समोर बसलो होतो.

गिवानचा समुद्र, बेटांसकट, १९९४ पासून संरक्षित क्षेत्र आहे, साठ हजार हेक्टरांवर. समुद्र राखीव आणि त्याच्या मधोमध बेटावर खाण. माझं मत विचाराल तर ज्या बेटावर सुलुआनच्या लोकांनी उपाशी परक्यांना मासे आणि नारळ दिले, ते बेट खणून जहाजात भरणं मला बघवत नाही. मी स्वतः निकेलचं खनिज भरलेल्या जहाजावर काम केलंय. बेटाचं नाव कागदावर असतं, पण डेकवर उभं राहिल्यावर ती नुसती लाल माती दिसते.

---

अनघा_मस्कत

तरुणांच्या परिषदेबद्दल थोडं सांगाल? माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. तिला मत असतं तर तिनं कुणाला दिलं असतं हा विचार आला.

---

सुकाणू

अनघाताई, तिकडे तिला मत असतं. 'सांगुनियांग काबाताआन' म्हणतात, सगळे नुसतं 'एसके' म्हणतात. मतदार १५ ते ३० वर्षांचे, उमेदवार १८ ते २४ चे. बारांगायाच्या सर्वसाधारण निधीतले दहा टक्के या परिषदेचे. २०१६ च्या कायद्यानं उमेदवाराचे जवळचे नातेवाईक निवडून आलेले असतील तर त्याला उभं राहता येत नाही. घराणेशाहीला कायद्यानं ठोस आडकाठी घातलेली ही जवळपास एकमेव जागा. मानाच्या बारांगायात एसकेच्या पोरांनी बास्केटबॉलच्या मैदानावर दिवे लावले होते आणि समुद्राकडच्या खांबावर रंगानं पट्टा ओढला होता. योलांदाचं पाणी तिथवर आलं होतं. माझ्या छातीच्या वर होता तो. ज्या मुलीनं तो रंगवला ती वादळाच्या वेळी सात वर्षांची होती.

---

खाडीपलीकडे

हा धागा नवऱ्याला वाचून दाखवला. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत तो मांडणार आहे की निदान पाच सागरी मैलांच्या आतल्या परवान्यांवर गावच्या सोसायटीचं मत घेणं बंधनकारक करावं, अशी लेखी मागणी खात्याकडे द्यायची. सुकाणू, त्यांच्या परिषदेच्या एखाद्या मासेमारीच्या ठरावाची प्रत मिळेल का? इंग्रजीत असली तरी चालेल, मी मराठी करून घेते.

---

सुकाणू

नक्की. बोसन सध्या सुट्टीवर घरीच आहे, आत्ताच त्याला मेसेज टाकला. माना सोमवारी म्युनिसिपालिटीत जाणार आहे, तिथून फोटो काढून पाठवते म्हणाली. कुठल्या जाळ्याबद्दलचा हवा ते कळवा, बारीक आसाचा की ट्रॉलचा. तिथे वेगवेगळे ठराव आहेत.

---

खाडीपलीकडे

बारीक आसाचा आधी. आणि गस्तीच्या माणसांच्या मानधनाचा असेल तर तोही.